आधी चिन्हांचं पान

श्रोतेहो, नमस्कार. आजचा विषय आहे कलेवरची पुस्तकं. गाणं शिकवणारी, पेटी-तबला शिकवणारी, चित्र कसं बघावं ते सांगणारी. ही पुस्तकं आरामखुर्चीत पडून वाचायची नसतात. समोर उघडी ठेवायची आणि हात चालवायचा. स्वयंपाकाच्या पुस्तकावर हळदीचा डाग नसेल तर ते कुणी वापरलेलं नाही, हे तुम्हाला सांगायला नकोच. पेटीच्या पुस्तकाचंही तसंच.

माझं म्हणणं आज एकच आहे. असं पुस्तक हातात आलं की आधी चिन्हांचं पान शोधा. बहुधा सुरुवातीलाच असतं. कुठल्या खुणेचा अर्थ काय, ते तिथे दिलेलं असतं. आपण ते उलटून पुढे जातो. जाऊ नका. आधी चिन्हांचं पान.

चित्रांच्या पुस्तकात असं वेगळं पान नसतं, पण चित्राखाली बारीक अक्षरात एक ओळ असते: तैलरंग की जलरंग, कॅनव्हास की कागद, आणि लांबी-रुंदी सेंटिमीटरमध्ये. तीच त्यांची चिन्हं. पुस्तकात सगळी चित्रं तळहाताएवढी दिसतात. शिलाई मशीनच्या खणातली टेप काढा आणि भिंतीवर खडूने त्या मापाची चौकट आखून बघा. तळहाताएवढं चित्र कधी कपाटाएवढं निघतं, तर कधी पोस्टकार्डाएवढंच. मग एखाद्या रविवारी काळा घोड्याला उतरा. जहांगीर आर्ट गॅलरी 1952 पासून उघडी आहे, आत जायला तिकीट लागत नाही. आधी चित्र बघा, खालची पाटी नंतर वाचा. आणि जाता जाता सांगतो, ग्रंथालयाचा गोल शिक्का नेमका चित्रातल्या बाईच्या चेहऱ्यावर मारणाऱ्यांना मी अजून माफ केलेलं नाही. कोपरा काय पळून जातो?

एलिमेंटरी-इंटरमिजिएटसाठी फुलदाण्या काढून काढून चित्रकलेला कंटाळलेली मुलं हा वेगळाच विषय आहे. मार्कांसाठी ब्रश धरायला लावला की मूल ब्रशही टाकतं. पण तो आजचा विषय नाही. आज मला भाऊकाकांची गोष्ट सांगायची आहे. खरं म्हणजे हे भाषण मी त्याच गोष्टीसाठी घेतलं.

भाऊकाका ठाकुरद्वारला आमच्या चाळीत, आमच्याच मजल्यावर राहायचे. गोदीत कारकून. स्वभावाने फार टापटिपीचे. साल असेल 1974. पेटी शिकायचं त्यांच्या मनाने घेतलं. पेटी मिळाली जुनी, पुस्तक मिळालं त्याहून जुनं. रद्दीवाल्याकडून आणलेला भातखंड्यांच्या क्रमिक पुस्तक मालिकेतला सुरुवातीचा एक भाग.

विष्णु नारायण भातखंडे आपल्या मुंबईचेच. जन्म 1860चा, वाळकेश्वरचा. म्हणजे आमच्या चाळीतून चालत जाता येईल इतके जवळचे. शिकले वकिली, आणि आयुष्य घालवलं गाणं गोळा करण्यात. उस्तादांनी घराबाहेर जाऊ न दिलेल्या चिजा त्यांनी मिळवल्या, ऐकल्या, लिहून काढल्या आणि सहा भागांत छापल्या. सगळे राग दहा थाटांत, म्हणजे स्वरांच्या दहा साच्यांत, बसवले. आणि लिहायला एक स्वरलिपी केली. स्वराच्या खाली आडवी रेघ असेल तर तो स्वर कोमल, म्हणजे थोडा खाली उतरवलेला. मध्यमाच्या, म्हणजे ‘म’च्या, डोक्यावर उभी रेघ असेल तर तीव्र, म्हणजे थोडा वर चढवलेला. काहीच खूण नसेल तर शुद्ध. वर टिंब म्हणजे वरचं, तार सप्तक, खाली टिंब म्हणजे खालचं, मंद्र. बस, एवढंच.

हे सगळं चिन्हांच्या पानावर होतं. आणि भाऊकाकांच्या पुस्तकाला पहिली आठ-दहा पानंच नव्हती. रद्दीवाल्याने त्यात काय बांधून दिलं देव जाणे.

काकांनी पुस्तक उघडलं. सा रे ग म येत होतं, अक्षरं वाचता येत होती. पण बऱ्याच अक्षरांखाली रेघा! काकांना वाटलं, मागच्या मालकाला महत्त्वाच्या शब्दांखाली रेघ ओढायची खोड होती. मध्यमावरची उभी रेघ? मास्तरांची बरोबरची खूण असणार. टिंबं म्हणजे शाईचे ठिपके. सगळ्यात मजा तालाची. तीनतालाच्या ओळीखाली चिन्हं असतात अशी: फुली, दोन, शून्य, तीन. फुली म्हणजे सम, तालाची पहिली मात्रा; शून्य म्हणजे खाली, जिथे टाळी वाजवत नाहीत; दोन आणि तीन या टाळ्या. काका आमच्या वडिलांना म्हणाले, "हा मुलगा अगदीच ढ होता हो. प्रत्येक ओळीला फुली, दोन, शून्य, तीन. एकदाही चार मार्क नाहीत."

टापटिपीचा माणूस. त्यांनी खोडरबर घेतलं आणि रेघा पुसायला बसले. भैरवीच्या पानावर सगळ्यात जास्त रेघा, कारण भैरवीत रे, ग, ध, नी चारही कोमल. ते पान घासून घासून पापडासारखं पातळ झालं, दोन ठिकाणी भोकं पडली. रेघा गेल्या नाहीत. "पेनाने ओढल्यात मेल्याने," म्हणाले आणि नाद सोडला.

आता बघा काय झालं. सा धरला पांढरी एकचा, म्हणजे सप्तकातल्या पहिल्या पांढऱ्या पट्टीचा. कोमल नाही, तीव्र नाही, सगळे स्वर शुद्ध. म्हणजे बोटं पडणार फक्त पांढऱ्या पट्ट्यांवर. सगळे स्वर शुद्ध असतात तो बिलावल थाट. म्हणजे काकांचा यमन बिलावल, काफी बिलावल, तोडी बिलावल, भैरवसुद्धा बिलावल. दहा थाटांचा एकच थाट झाला! चाली वेगवेगळ्या, तोंडवळा एकच. एका आईची दहा लेकरं असावीत तशी. दीड वर्ष रोज सकाळी हे चालू होतं. काकांच्या कानाला ते जाणवत नसेल का? जाणवत होतं. पण ते म्हणायचे, "रागातला फरक कळायला तपश्चर्या लागते. माझी अजून व्हायचीय."

मग गणपती आले. चौकात मांडव, सतरंज्या, चाळीतल्याच लोकांचा कार्यक्रम. शेवटी काकांची पेटी. भैरवी कशासाठी असते हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. भैरवी झाली की उठायचं, चपला शोधायच्या. काकांनी डोळे मिटून भैरवी वाजवली, संपवली, नमस्कार केला. कुणी उठेना. सगळे वाट बघत बसलेले. काका त्यांच्याकडे बघतायत, ते काकांकडे बघतायत.

पहिल्या रांगेत चौदा नंबरच्या आक्का. त्यांना अक्षरओळख नव्हती, पण चाळीतलं एकही भजन त्यांच्याशिवाय झालेलं नाही. त्या म्हणाल्या, "भाऊ, आता भैरवी घे म्हणजे आम्ही उठू. पहाटे चारला नळ येतो."

"आक्का, घेतली की!"

"कधी?"

काकांचा चेहरा मला आजही दिसतो. आक्का गुडघ्यावर हात टेकत उठल्या, पेटीपाशी जाऊन बसल्या, आणि त्यांनी भजनाची एक ओळ म्हटली. काका बोटाने स्वर शोधायला लागले. पांढऱ्यावर सापडेना. आक्का म्हणाल्या, "या काळ्या काय नैवेद्याला ठेवल्यात?" काकांनी काळी एक दाबली. कोमल रिषभ, म्हणजे कोमल रे! काळी दोन दाबली ती खाली गेली आणि तिथेच अडकली, दीड वर्षात तिला कुणी हातच लावला नव्हता. नखाने उचलावी लागली. मग चार, मग पाच. पाचांतल्या चार काळ्या पट्ट्या. एक तेवढी उरली, तीव्र मध्यमाची, तिचं भैरवीत काम नाही. आक्का ओळ परत परत म्हणत राहिल्या, काका मागे मागे जात राहिले. आणि श्रोतेहो, लोक उठले. चपला शोधायला लागले!

त्या रात्री काकांनी दिव्याखाली ते घासलेलं पान काढलं. रे खाली रेघ. ग खाली रेघ. ध खाली, नी खाली. चार रेघा, चार काळ्या पट्ट्या.

आता तुम्ही म्हणाल, हल्ली मोबाइलवर सगळं शिकवतात, कशाला हवं पुस्तक. असेल. पण व्हिडिओतल्या गुरुजींची बोटं पुढे पळतात, पुस्तकातला स्वर जागेवर थांबून राहतो, हे माझं मत आहे आणि मी ते बदलणार नाही. एक मात्र लक्षात ठेवा. भातखंड्यांच्याच काळातले गायक विष्णु दिगंबर पलुसकर यांनी आपली स्वरलिपी वेगळी केली होती. एका पुस्तकातली खूण दुसऱ्यात तशीच असेल असं नाही. म्हणून पुन्हा सांगतो, नवं पुस्तक घेतलंत तरी आधी चिन्हांचं पान. माटुंग्याच्या किंवा फाउंटनच्या फुटपाथवरून जुनं घेतलंत तर पैसे देण्याआधी बघा, ते पान आहे ना. नसेल तर ग्रंथालयात दुसरी प्रत मिळवून उतरवून घ्या.

काकांनी तेच केलं. दादरला जाऊन दुसऱ्या प्रतीवरून ते पान गोदीतल्या हिशेबाच्या अक्षरात उतरवून आणलं आणि खळीने पुस्तकाच्या आरंभी चिकटवलं. ते पुस्तक आता माझ्याकडे असतं. कोमल, तीव्र, मंद्र, तार, सम, खाली, सगळं नीट ओळीत लिहिलेलं आहे. सगळ्यात खाली, लाल शाईने, भातखंड्यांच्या पुस्तकात नसलेली एक सूचना आहे: "रेघा छापील आहेत. खोडू नयेत."