तांबडी भाजी आणि सावकाश मिळणारा नत्र

मघाशी मागच्या रांगेतल्या एका काकींनी विचारलं, "कंपोस्ट घातलं की भाजीत जीवनसत्त्वं वाढतात का?" नुसतं हो म्हटलं तर ते अर्धंच खरं होईल. जीवनसत्त्वं खतातून येत नाहीत, ती झाड स्वतः बनवतं. खतावर ठरतं ते हे, की झाडाला अन्न कोणत्या वेगानं मिळतं.

आपली तांबडी भाजीच घ्या, म्हणजे तांबडा माठ. युरियाची मूठ पडली की आठ दिवसांत वाफा तरारून येतो, पानं लुसलुशीत दिसतात. पण एवढा नत्र, म्हणजे नायट्रोजन, झाडाला एकदम पचत नाही. उरलेला नायट्रेटच्या रूपानं देठांत साठतो, पानात पाणी वाढतं, क जीवनसत्त्व घटतं. कंपोस्टमधला नत्र सेंद्रिय पदार्थांत अडकलेला असतो आणि जिवाणू तो फोडतील तसतसा सुटतो. वाढ थोडी सावकाश होते, पण झाडाकडे शिल्लक राहिलेल्या साखरेतून क जीवनसत्त्व आणि पानाला रंग-चव देणारी द्रव्यं जास्त बनतात.

कॅलिफोर्नियात डेव्हिसच्या विद्यापीठानं 10 वर्षांचे वाळवून ठेवलेले टोमॅटो तपासले. 2007 साली निष्कर्ष आले: सेंद्रिय टोमॅटोत क्वेर्सेटिन, म्हणजे झाड स्वतः बनवतं अशा द्रव्यांपैकीच एक, साध्या टोमॅटोपेक्षा सरासरी 79 टक्के जास्त. मला त्यातली पुढची गोष्ट फार मोलाची वाटते. हा फरक वर्षागणिक वाढत गेला, आणि जमीन सुधारल्यावर शेणखत कमी केलं तेव्हाही वाढतच राहिला. म्हणजे ढीगभर खत ओतणं हा उपाय नव्हे. उलट बाजूही सांगायला हवी: 2012 मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी शेकडो अभ्यास एकत्र पाहिले, तेव्हा सेंद्रिय आणि साध्या पिकांच्या जीवनसत्त्वांत त्यांना ठोस फरक दिसला नाही. 'सेंद्रिय' या शिक्क्याखाली चांगलं आणि वाईट, दोन्ही प्रकारचं खत येतं.

आपल्या जांभ्या जमिनीत तर कंपोस्ट आणखी एक काम करतं. माती आंबट, लोह आणि ॲल्युमिनियम भरपूर. ते स्फुरदाला, म्हणजे फॉस्फरसला, जखडून ठेवतात. कंपोस्टमधली सेंद्रिय आम्लं त्या लोहाला धरतात आणि स्फुरद मुळांसाठी मोकळा होतो. शिवाय वर्षाला 3000 मिलिमीटरच्या आसपास पडणाऱ्या पावसात विरघळणारं खत ओढ्याला जातं, कंपोस्टमधलं बरंचसं मागे राहतं.

मात्र ते पिकलेलं हवं. गेल्या वर्षी मी विकतची पोती आणली. आत हात घातला तर ऊब लागली, नारळाच्या सोडणाचे धागे जसेच्या तसे. घाई होती म्हणून वाफ्यात घातलं आणि पंधरा दिवसांत भाजी पिवळी पडली. कच्चा काडीकचरा कुजवायला जिवाणूंनी मातीतलाच नत्र उचलला होता.

इथे टेबलावर दोन बादल्या ठेवल्या आहेत. काकी, आधी तुम्ही या. दोन्हींतली मूठ दाबून वास घ्या. एकीला पहिल्या पावसातल्या मातीचा वास येईल, दुसरीचा नाकाला झोंबेल. ती दुसरी अजून दोन महिने झाकून ठेवायची आहे.