उलटा घड

रावेरहून फैजपूरकडे निघालेला बऱ्हाणपूर–अंकलेश्वर मार्ग केळीच्या बागांमधून जातो, आणि याच मार्गावरील एका गावाच्या तिठ्यावर सिमेंटचा हा दीड पुरुष उंचीचा घड उभा आहे. बागेतला घड खाली लोंबतो, त्याचा दांडा वर आणि केळफूल तळाशी असते. येथे मात्र दांडा ओट्यात रोवलेला असून केळफुलाचे टोक आभाळाकडे आहे. पंचक्रोशीत या ठिकाणाला ‘उलटा घड’ म्हणतात. रिक्षावाले याच नावाने प्रवासी बोलावतात, आणि लग्नपत्रिकेतही मंडपाचा पत्ता ‘उलट्या घडामागे’ असाच छापला जातो.

घडवणाऱ्याने केळीची बाग पाहिलीच नसावी, असा बाहेरच्या माणसाचा समज होतो. जवळून पाहिल्यावर तो टिकत नाही. केळीचे फळ वाढताना दांड्याच्या दिशेने वर वळते, आणि या शिल्पातल्या प्रत्येक फणीची केळी दांड्याकडेच वळलेली आहेत. घडच उलटा असल्यामुळे ती जमिनीकडे पाहतात, इतकेच. शिवाय ही केळी आखूड आणि जाड आहेत. आज या पट्ट्यात सर्वत्र दिसणाऱ्या ग्रँड नैनची ती नव्हेत, पूर्वीच्या बसराईची आहेत. सिमेंटचे एवढे ओझे टांगायचे तर वर भक्कम तुळई लागली असती. ते ओट्यावर उभे करणे हा गवंड्याचा हिशेब होता. त्या गवंड्याचे नाव येथे कोठेही नाही. संगमरवरी पाटीवर आहे ते उद्घाटकाचे.

१९३६ साली फैजपूरला काँग्रेसचे ग्रामीण भागातले पहिले अधिवेशन भरले, तेव्हा नंदलाल बोस यांनी बांबूसारख्या स्थानिक साहित्यातून अधिवेशननगरी सजवली होती. ती सजावट अधिवेशनापुरती होती. हा घड उन्हापावसात राहिला आहे, आणि त्याची डागडुजीही हाताशी असलेल्या साहित्यातूनच होते.

वृद्ध गवंडी आधी हातोडीच्या दांड्याने प्रत्येक फणी ठोकून पाहतात. भरीव आवाज आला तर ते पुढे सरकतात, पोकळ आवाज आला तर तेवढा गिलावा छिन्नीने उडवतात. आतल्या सळ्यांवर गंज चढला आहे. पाणी भेगेतून सळईपर्यंत पोहोचते, गंजलेली सळई फुगते आणि वरचा गिलावा फोडते. तारेच्या ब्रशने गंज खरवडून झाल्यावर नवी जाळी बांधणीच्या तारेने आवळली जाते आणि एक वाटा सिमेंटला तीन वाटे वाळू या प्रमाणातला मसाला बोटांनी जाळीत दाबला जातो. करणी नंतर येते. केळ्याची कडा मात्र ते सायकलच्या जुन्या स्पोकने काढतात, आणि ती काढताना कोणाशी बोलत नाहीत. खानदेशच्या उन्हात ताजा मसाला तासाभरात तडकू शकतो, म्हणून घडाला ओले गोणपाट गुंडाळले आहे. “आप्पा, अजून पाणी मारू का?” असे मदतनीस मुलगा दर थोड्या वेळाने विचारतो, आणि उत्तर प्रत्येक वेळी होकारार्थी असते.

रस्ता रुंदीकरणाची लाल खूण ओट्यावर पडलेली आहे, आणि सार्वजनिक रस्त्यांवर नव्या पुतळ्यांना परवानगी देऊ नये, हा सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१३ चा आदेश पाहता घड येथून हलला तर रस्त्याकडेला पुन्हा बसणे कठीण आहे. गावकऱ्यांनी शाळेच्या आवारातली जागा सुचवली आहे.

तूर्त तिठ्यावर वाद रंगाचा आहे. मुलांना घड पिवळा हवा. बागायतदारांचे म्हणणे असे की केळी हिरवीच कापली जातात आणि वखारीत पिकतात, त्यामुळे एवढ्या फण्यांचा पिवळाधमक घड बागेत कोणी पाहिलेला नाही. २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालेल्या जळगावच्या केळीचे रूप तरी खरे दाखवावे. रंगाऱ्याने दोन्ही डबे उघडले आहेत. वरच्या फण्या पिवळ्या आणि दांड्याजवळच्या हिरव्या करायचे त्याने ठरवले, तेव्हा एका बागायतदाराने त्याला थांबवले, कारण घडात दांड्याजवळची फणी आधी पिकते. ब्रश धुऊन रंगारी आता खालून पिवळा रंग लावू लागला आहे.