थाळी वाजवून कान कळत नाहीत

पोरगं बोलत नाही म्हटलं की आपल्याकडे पहिला उपाय जिभेवर होतो. कुणी वेखंड उगाळून चाटवतं, कुणी जिभेखालची तार कापून आणायला सांगतं. यातलं काही नाही केलं तर आजोबांचा दाखला तयारच: "याचा बाप चार वर्षांचा होईपर्यंत बोलला नव्हता, आता गप्प बसत नाही." सगळे हसतात आणि सहा महिने जातात. आज या सभेत बसलेल्या अंगणवाडीताईंना हे पाठ असेल. जीभ खाली चिकटलेली असेल तर फार तर एखाददुसरा उच्चार अडतो. मूल शब्दच काढत नाही, असं त्यानं होत नाही. म्हणून आधी कान बघा.

"कान बघितलाय की, मागून थाळी वाजवली, लगेच वळलं," हे मी अनेक आयांकडून ऐकते. पण थाळीचा आवाज केवढा! शिवाय मागे कुणी हललं की सावली पडते, फरशी थरथरते, समोर बसलेल्या आईचे डोळे तिकडे जातात. ज्याला कमी ऐकू येतं ते मूल बघण्यात भारी तरबेज असतं. आवाज किती मोठा ते डेसिबलमध्ये मोजतात. आपलं साधं बोलणं हातभर अंतरावरही साठेक डेसिबलचं. तेवढ्या डेसिबलचा दोष असलेल्या मुलाला कुकरची शिट्टी ऐकू येईल, दार आपटलेलं ऐकू येईल, आणि "बाळा, इकडे ये" मात्र पुसटसं येईल, नाहीतर येणारच नाही. काहींना फक्त उंच पट्टीचे, म्हणजे बारीक, आवाज ऐकू येत नाहीत. त्यांना "आ", "ऊ" ऐकू येतात, "स" आणि "श" हरवतात. मग बशी म्हणजे "बई" आणि बस म्हणजे नुसतं "ब". असं मूल हाकेला वळतं, म्हणून घरचे निश्चिंत राहतात.

खरी तपासणी बाळाच्या उत्तरावर अवलंबून नसते. ओएई तपासणीत कानात छोटी घुंडी ठेवतात, काही मिनिटांत काम होतं. बेरामध्ये डोक्याला तारा चिकटवून कानातून मेंदूपर्यंत आवाज पोचतो का ते बघतात. काचेच्या पेटीत राहिलेल्या, खूप कावीळ झालेल्या बाळाची ओएई चांगली आली तरी बेरा करून घ्या, कारण पुढच्या नसेतला दोष ओएईत दिसत नाही. बेराला मूल गाढ झोपलेलं लागतं. त्यामुळे त्या दिवशी त्याला लवकर उठवा आणि एसटीत झोपू देऊ नका. अर्धी खेप तिथेच वाया जाते.

जगभर मानलेला हिशेब असा: पहिल्या महिन्यात चाळणी तपासणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत उपचार सुरू. आपल्याकडे मुलं येतात अडीच-तीन वर्षांची. केंद्र सरकारच्या एडिप योजनेत कॉक्लिअर इम्प्लांटला, म्हणजे शस्त्रक्रियेनं कानात बसवायच्या ऐकण्याच्या यंत्राला, मदत मिळते. तिला उत्पन्नाची अट आहे, आणि जन्मापासून ऐकू न येणाऱ्या मुलाला वयाची अट पाच वर्षांची. मुंबईत वांद्र्याची अली यावर जंग ही राष्ट्रीय संस्था 1983 पासून ऐकण्या-बोलण्याच्या दोषांवर काम करते आहे. सगळ्यांनाच इम्प्लांट लागत नाही. कुणाच्या कानाच्या पडद्यामागे सर्दीनं नुसतं पाणी साठलेलं असतं, ते औषधानं किंवा छोट्या शस्त्रक्रियेनं निघतं.

दोष कुणाचा, हा प्रश्न घरात आईच्या वाट्याला येतो. ग्रहणात काही चिरलंस का, असं आजही विचारतात. जन्मतः कमी ऐकू येणाऱ्या दहांतल्या नवांहून अधिक मुलांचे आईबाप नीट ऐकणारे असतात. दोघांकडून एकच दडलेला दोष आला की तो मुलात उघड होतो, आणि मामाच्या मुलीशी लग्न करण्याच्या आपल्या रीतीत त्याची शक्यता वाढते. म्हणजे गुन्हेगार शोधायचाच तर दोन्ही घरांतून शोधावा लागेल. त्यापेक्षा दुसऱ्या बाळाचा विचार असेल तर आधी जनुकीय सल्ला घ्या.

कानाला श्रवणयंत्र बसलं की घरी पेढे वाटतात. काम तिथून सुरू होतं. कानातला साचा वाढत्या बाळाला काही महिन्यांत सैल होतो आणि यंत्र शिट्टी मारायला लागतं, तेव्हा नवा साचा लागतो. पावसाळ्यात रात्री यंत्र सुकवणीच्या डबीत ठेवायचं. बॅटरीचं स्टिकर काढल्यावर मिनिटभर थांबून मग ती घालायची. जुनी बॅटरी पोराच्या हाताला लागू देऊ नका, गिळली तर जिवावर बेतते. आणि "शाळेपुरतं लावू" हे चालत नाही. झोप सोडून दिवसभर यंत्र कानात हवं.

मग बोलायचं. "खूप बोला" म्हटलं की आई बिचारी मुलाला समोर बसवते आणि धोशा लावते: म्हण, बॉल म्हण, म्हण ना. मूल तोंड फिरवतं. असं करू नका. टीव्ही बंद करा, शक्य असेल तेव्हा पंखाही. भाकरी थापताना त्याला जवळ बसवा. अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलनं पडतो, म्हणून दुसऱ्या खोलीतून ओरडण्यात काही अर्थ नाही. "पीठ घेतलं. आता पाणी. अरे, सांडलं!" एवढं बोला आणि थांबा. ते "पा" म्हणालं तर "पाणी हवं? थंड पाणी?" असं वाढवून द्या. थांबणं आपल्याला जमत नाही, विशेषतः आज्यांना. मनात पाच आकडे मोजा, तोवर तोंड मिटून. रोज सकाळी आ, ऊ, ई, म, श, स हे सहा आवाज तोंड झाकून काढा आणि मूल कशाला दाद देतं ते बघा. काल मिळालेला "श" आज मिळाला नाही, तर आधी बॅटरी तपासा, मग सर्दी.

हातवाऱ्यांना घाबरू नका, खुणेनं मूल बोलायचं राहत नाही. ज्यांना यंत्रानं पुरेसं ऐकू येत नाही त्यांनी भारतीय सांकेतिक भाषा लवकर शिकावी, आणि घरातल्यांनीही. मूल एकटंच शिकलं तर ते बोलणार कुणाशी?

शेवटची चिठ्ठी आली आहे: "शाळा इंग्रजी असणार, तर घरी इंग्रजी बोलू का?" तुम्ही स्वयंपाकघरात भांडता कोणत्या भाषेत? मराठीत ना, मग मराठीतच बोला. इंग्रजीचं काय ते मूल वाक्यं बोलायला लागल्यावर पुढच्या भेटीत ठरवू.