इसे आणि ह्युगा : मागे डेक होता, पण विमान उतरत नव्हतं!

नमस्कार मंडळी! मिडवेच्या व्हिडिओखाली तुमची एकच मागणी चालू आहे, "दादा, ती अर्धी युद्धनौका आणि अर्धी विमानवाहू, तिच्यावर बोला ना." एक नव्हती, दोन होत्या. इसे आणि ह्युगा, दुसऱ्या महायुद्धातल्या जपानी युद्धनौका. घ्या, बोलतो.

आधीचं पटापट उरकतो, बहुतेकांना माहीत आहेच. जून १९४२, प्रशांत महासागरात अमेरिकेविरुद्धची मिडवेची लढाई. जपानच्या चार विमानवाहू नौका गेल्या: आकागी, कागा, सोर्यू, हिर्यू. नव्या बांधायला वेळ नाही, पोलाद नाही. मग नजर गेली जुन्या युद्धनौकांवर. इसे १९१७ची, ह्युगा १९१८ची. त्यात ह्युगाचं आधीच एक दुखणं होतं. मे १९४२मध्ये सरावात तिच्या मागच्या बाजूच्या पाचव्या टरेटमध्ये (तोफांच्या फिरत्या बुरुजात) स्फोट झाला, ५१ माणसं गेली. ते टरेट काढून तिथे पोलादी झाकण ठोकलेलं होतं. पूर्ण विमानवाहू करायची तर वरचं सगळं उतरवावं लागलं असतं, आणि तेवढी सवड कुणाला होती? मग तोडगा काय, तर मागची दोन टरेट काढा, पुढची चार राहू द्या. १२ तोफांच्या ८ झाल्या. मागे हँगर, म्हणजे विमानं ठेवायची बंदिस्त जागा, त्यावर डेक. १९४३ संपायच्या आत दोन्ही तयार.

आता मुद्द्याचं बोलू. या डेकवर विमान उतरत नव्हतं. दर वेळी कुणीतरी लिहितंच, "विमानं उडायची, बॉम्ब टाकायची, परत येऊन डेकवर उतरायची." नाही हो, नाही!

लांबी बघा. डेक साधारण ७० मीटर. त्याच काळातल्या झुइकाकू या जपानी विमानवाहूचा डेक २४२ मीटर. आपली जुनी विक्रांत मुंबईत म्युझियम होती तेव्हा शाळेच्या सहलीत मी तिच्या डेकवर चाललोय, आणि बाईंनी "पळू नका" सांगितल्याबरोबर आम्ही सगळे पळत सुटलो होतो. ते जहाज इसेपेक्षा किंचित आखूडच. पण तिथे वरचा सगळा डेक विमानांचा, आणि तरीही सी हॉक विमानाला उतरताना तारेत अडकवून थांबवावं लागायचं. इसेवर विमानांच्या वाट्याला आला जहाजाचा जेमतेम तिसरा हिस्सा.

लांबी सोडा, डेकच्या पुढे काय आहे ते बघा. (इथे वरून काढलेला आराखडा दाखवायचा.) विमान मागून येणार, बरोबर? समोर काय? मास्ट, धुराडं, तोफा, सगळा इमारतीएवढा डोलारा. चाकं टेकली की थेट त्यावर जाऊन आदळायचं. चुकलं तर पुन्हा उडून फेरी मारायलाही वाट नाही.

बरं, हेही पटत नसेल तर विमानं कुठली निवडली ते बघा. एक सुइसेई, डाइव्ह बॉम्बर, म्हणजे सूर मारून बॉम्ब टाकणारं. दुसरं झुइउन, खाली तराफ्यासारखे फ्लोट असलेलं. दोन्ही विमानं कॅटापल्टवरून, म्हणजे विमान झटक्यात हवेत भिरकावणाऱ्या यंत्रावरून, फेकायची. बेचकीतून दगड सुटतो, तो परत बेचकीत येऊन बसत नाही ना? तसंच. झुइउन समुद्रावर उतरणार, मग क्रेनने वर घेणार. सुइसेईला चाकं, म्हणजे तिने दुसरी विमानवाहू गाठायची, नाहीतर जमिनीवरचा तळ. मूळ बेतच असा होता. ९ विमानं हँगरमध्ये, ११ डेकवर, दोन्ही कॅटापल्टवर एकेक, अशी २२. डेक म्हणजे धावपट्टी नव्हेच, विमानं उभी करायची जागा!

एका साहेबांनी गेममध्ये विमान उतरवून दाखवल्याचा व्हिडिओ पाठवलाय. अभिनंदन. आणि ते थंबनेलवाले! लांबलचक सपाट डेकवाल्या जहाजाचा फोटो लावायचा आणि खाली लिहायचं "दुसऱ्या महायुद्धातली ह्युगा". अहो, ती आजची ह्युगा, हेलिकॉप्टरवाली, २००९मध्ये जपानी नौदलात आली. नाव तेवढं तेच.

असो. तर ही २२ विमानं लढाईत किती वेळा या जहाजांवरून उडाली? एकदाही नाही. वैमानिक आणि विमानं जमवता जमवता १९४४ उजाडलं. ऑक्टोबरात तैवानभोवती हवाई लढाई पेटली आणि इसे-ह्युगाची विमानं तिकडे जमिनीवरच्या तळांवर पाठवली. लगेच फिलिपिन्समधली लेतेची मोहीम. जपानी ॲडमिरल ओझावांचा ताफा अमेरिकन ॲडमिरल हॅल्सींना उत्तरेकडे ओढायला आमिष म्हणून निघाला, त्यात या दोघी होत्या, हँगर रिकामं ठेवून. तेलही गेलं, तूपही गेलं!

पण २५ ऑक्टोबरला केप एंगान्योजवळ गंमत बघा. ओझावांच्या चारही विमानवाहू नौका बुडाल्या, त्या झुइकाकूसकट. या दोघी वाचल्या. मागच्या बदलात डेकबरोबर विमानविरोधी तोफा भरपूर वाढवल्या होत्या, शिवाय नंतर बसवलेले ३० नळ्यांचे रॉकेट लाँचर. त्यांचा भडिमार करत आणि सतत वळणं घेत त्यांनी बॉम्ब चुकवले. इसेच्या आजूबाजूला तर पाण्यात ढिगाने पडले.

यानंतर कॅटापल्टही काढून टाकले. माझ्या मते या जहाजांचं सगळ्यात फळलेलं काम याच्याही नंतरचं. फेब्रुवारी १९४५, सिंगापूर. जपानात इंधनाचा खडखडाट, टँकर वाटेतच बुडवले जातायत. मग या दोघींवर पेट्रोलची पिंपं चढवली, रबर आणि कथीलही. रिकाम्या हँगरला शेवटी काम मिळालं ते गोदामाचं! सोबत ओयोदो क्रूझर आणि तीन विनाशिका. अमेरिकनांनी जपानी संदेश फोडले होते, त्यांना सगळं ठाऊक होतं, वाटेवर वीसहून जास्त पाणबुड्या लावल्या. एकही टॉर्पेडो लागला नाही. २० फेब्रुवारीला सहाच्या सहा जहाजं जपानातल्या कुरे बंदराला पोचली. विचार करा, पेट्रोलच्या पिंपांवर बसून केलेला हा प्रवास!

पुढे कुरेतच अडकल्या. चालवायला तेल नाही, म्हणून बंदरात तरंगत्या विमानविरोधी तोफखान्यासारखं उभं केलं. २४ जुलै १९४५ला अमेरिकन विमानांनी ह्युगा उथळ पाण्यात तळाला टेकवली, २८ला इसे. युद्धानंतर दोन्ही भंगारात निघाल्या.

"मग यामातोच का नाही कापली?" असं तिघाचौघांनी विचारलंय. यामातो, म्हणजे जपानची ती महाकाय युद्धनौका, नाही कापली, पण तिच्याच वर्गातली तिसरी नौका अर्धवट बांधलेली असताना खरंच पूर्ण विमानवाहू केली होती. शिनानो. पुढचा व्हिडिओ तिच्यावरच.