बाटलीतली फुप्फुसं

(दृश्य : ठाणे पूर्व, कोपरीतली एक शाळा. बाहेरून लोकलचा खडखडाट. टेबलावर तळ कापलेली पाण्याची बाटली, आत दोन फुगे, तळाला ताणून बसवलेलं फुग्याचं रबर.)

खालचं रबर ओढलं की आतले फुगे फुगतात. सोडलं की आक्रसतात. श्वसन शिकवताना हे मॉडेल वर्गावर्गातून फिरतं. मुलं हरखतात आणि बहुतेक ठिकाणी तास इथेच संपतो.

या वर्गात बाई विचारतात, "आता यात काय खोटं आहे, ते सांगा."

थोडा वेळ कुणीच बोलत नाही. मग एक मुलगी बरगड्यांवर हात ठेवून दीर्घ श्वास घेते. "बाई, माझी छाती फुगते. बाटली कुठे फुगते?"

नेमकं हेरलं तिने. श्वास घेताना बरगड्या वर आणि बाहेर सरकतात, बाटली मात्र जागची हलत नाही. श्वासपटलही, म्हणजे फुप्फुसांखालचा स्नायूचा पडदा, या रबरासारखं खाली ओढलं जात नाही. ते घुमटासारखं वर आलेलं असतं, आकुंचन पावलं की सपाट होत जातं. आणि बाटलीत फुग्यांभोवती हवाच हवा. शरीरात फुप्फुसं आणि छातीची भिंत यांच्यामध्ये द्रवाचा जेमतेम एक पातळ थर.

म्हणून मॉडेल टाकून द्यायचं? मुळीच नाही. पोकळी मोठी झाली की आतला दाब घटतो आणि बाहेरची हवा आत शिरते, एवढी एक गोष्ट ते लख्ख दाखवतं. ते केलंय त्यासाठीच.

मला वाटतं, आपली गफलत शब्दापासूनच होते. मॉडेलला आपण सर्रास 'प्रतिकृती' म्हणतो, म्हणजे हुबेहूब नक्कल. विज्ञान प्रदर्शनात मग रंगकामालाच शाबासकी. अणूसाठी मात्र पाठ्यपुस्तकात शब्द आहे 'प्रारूप'. थॉमसनचं १९०४ चं, रुदरफोर्डचं १९११ चं, बोरचं १९१३ चं. अणू कुणी पाहिलाच नव्हता, तर नक्कल कशाची करणार? सोन्याच्या पातळ पत्र्यावर सोडलेल्या अल्फा कणांपैकी (धनप्रभारित सूक्ष्म कण) मोजके उलटे फिरले आणि अणूत धनप्रभार सगळीकडे पसरलेला असतो ही थॉमसनची मांडणी कोसळली. एका आकृतीकडून दुसरीकडे का जावं लागलं, हेच शिकवायचं राहतं. मुलं तिन्ही आकृत्या पाठ करतात. याचं मनापासून वाईट वाटतं.

(दृश्य : मागचा बाक. पुठ्ठ्याच्या पट्ट्या, टाचण्या.)

दोन मुलांनी पट्ट्या टाचून बरगड्या केल्यात. पुढची पट्टी वर उचलली की अख्खा सांगाडा पुढे सरकतो. बाई वाकून बघतात.

"छान हलतंय रे. पण यात हवा कुठून आत येते?"