सीलाकँथ : एका कुळाचा इतिहास

(बडोद्यात मराठी श्रोत्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)

श्रोतेहो, आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणी कमाटीबागेतील संग्रहालयात देवमाशाचा अवाढव्य सांगाडा पाहिलेला आहे. पुन्हा जाल तेव्हा त्याच्या वल्ह्यासारख्या पुढच्या अवयवाकडे नीट पाहा. खांद्याशी एकच हाड, त्यापुढे दोन हाडे आणि मग बोटे, अशी ती रचना आपल्या हातासारखीच आहे. रोहू किंवा पापलेट यांच्या परांत असे काही आढळत नाही. तेथे अनेक लहान हाडे शेजारीशेजारी खांद्याच्या कमानीला टेकलेली असतात. आज ज्याच्याविषयी बोलायचे आहे त्या सीलाकँथ या खोल समुद्रातील माशाचा छातीचा पर मात्र मांसल असतो आणि एकाच हाडाने खांद्याला जोडलेला असतो. देवमासा हा मासा नाही, हे आपण शाळेतच शिकतो. पण वंशाच्या हिशेबाने सीलाकँथ हा रोहूपेक्षा देवमाशाला, आणि म्हणून तुम्हाआम्हाला, अधिक जवळचा आहे.

हाडे असलेल्या माशांच्या दोन मोठ्या शाखा मानल्या जातात : परांत नुसत्या काड्या असलेले किरणपर मासे आणि मांसल परांचे मासे. दुसऱ्या शाखेतील आज जिवंत असलेले वंश तीनच, म्हणजे सीलाकँथ, फुप्फुसमासे आणि चार पायांचे सगळे प्राणी; बेडूक, पक्षी, देवमासा आणि माणूस या तिसऱ्यात येतात. आपले अधिक जवळचे नातलग सीलाकँथ की फुप्फुसमासे, यावर अनेक दशके वाद चालला. २०१३ मध्ये सीलाकँथचा संपूर्ण जीनोम, म्हणजे त्याच्या डीएनएतील सगळी आनुवंशिक माहिती, प्रसिद्ध झाला, तेव्हा कौल फुप्फुसमाशांच्या बाजूने पडला. सीलाकँथ हा आपला पूर्वज नव्हे, थोडा दूरचा चुलत नातलग आहे.

या कुळाचे नाव लुई अगासी या निसर्गशास्त्रज्ञांनी १८३९ मध्ये इंग्लंडमधील पर्मियन काळाच्या (पंचवीस कोटी वर्षांहून जुन्या) एका जीवाश्मावरून दिले. शेपटीच्या परातील काटे पोकळ होते, म्हणून ग्रीक शब्दांवरून ‘पोकळ काटा’ या अर्थाचे नाव पडले. त्यानंतर जगभर जीवाश्म सापडत गेले. मात्र सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या थरांनंतर एकही मिळेना, तेव्हा कुळ संपले असे सर्वांनी धरले. पुढची गोष्ट बहुश्रुत आहे. डिसेंबर १९३८ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील ईस्ट लंडन येथील संग्रहालयाच्या मार्जरी कोर्टने-लॅटिमर यांना ट्रॉलरने, म्हणजे जाळे ओढणाऱ्या मासेमारी बोटीने, आणलेल्या माशांच्या ढिगात एक निळसर, जाड खवल्यांचा मासा दिसला आणि मत्स्यशास्त्रज्ञ जे. एल. बी. स्मिथ यांनी त्याला लॅटिमेरिया चालुम्नी हे नाव दिले. आतील अवयव तोवर फेकले गेले होते. दुसरा मासा हाती यायला १९५२ उजाडले. तो कोमोरो बेटांपाशी सापडला.

तेव्हापासून त्याला ‘जिवंत जीवाश्म’ म्हणण्याची रीत पडली. हा शब्दप्रयोग डार्विनचा, १८५९ सालचा. मला तो या माशावर अन्याय करणारा वाटतो, कारण त्यातून असा समज होतो की हे कुळ चाळीस कोटी वर्षे जागच्या जागी थांबून राहिले. जीवाश्म याच्या अगदी उलट सांगतात. कॅनडातील क्वेबेकमध्ये सापडलेला, डेव्होनियन काळातला (सुमारे ३८ कोटी वर्षांपूर्वीचा) मिग्वाशाया हा सीलाकँथ घ्या : त्याची शेपटी वरच्या बाजूला वळलेली आणि असमान आहे, सीलाकँथची ओळख मानली जाणारी तीन भागांची सरळ शेपटी त्याला नाहीच. त्यानंतरच्या कार्बोनिफेरस काळात अमेरिकेतील मोंटाना येथे राहणारा ॲलेनिप्टेरस मागे निमुळता होत जाणारा, पाहताक्षणी सीलाकँथ न वाटणारा मासा होता. ट्रायासिक काळाच्या आरंभी (सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वी), पर्मियनच्या अखेरीस बहुतेक जीवजाती नष्ट करणाऱ्या महाविनाशानंतर, रिबेलाट्रिक्स दिसतो. त्याची शेपटी वेगाने पोहणाऱ्या शिकारी माशांसारखी दुभंगलेली होती, आणि हे सगळ्यांत अनपेक्षित, कारण संथपणा हाच या कुळाचा स्वभाव समजला जाई. स्वित्झर्लंडमधील फोरेया, ज्याचे वर्णन २०१७ मध्ये आले, आखूड अंगाचा आणि फुगीर डोक्याचा होता. ब्राझील व आफ्रिकेतील मॉसोनिया तर नद्यांतही राहत असे आणि तीन मीटरपेक्षा लांब वाढत असे.

आपल्या जवळचेही एक उदाहरण आहे. प्राणहिता-गोदावरी खोऱ्यातील ज्युरासिक कोटा थरांतून १९७४ मध्ये एस. एल. जैन यांनी इंडोसीलाकँथस रोबस्टस या माशाचे वर्णन केले. ज्या कोटा गावावरून थरांना नाव पडले ते गडचिरोली जिल्ह्यात, सिरोंचाजवळ, प्राणहितेच्या काठी आहे. बारापासॉरस हा डायनोसॉरही याच थरांतला. महाराष्ट्रातल्या एका गावाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खडकात सीलाकँथ मिळावा, याचा आनंद मला आजही होतो.

वर्गीकरणात मॉसोनिया या कुळाच्या एका शाखेत, तर लॅटिमेरिया आणि क्रिटेशियस काळातील (डायनोसॉरांच्या अखेरच्या काळातील) मॅक्रोपोमा दुसऱ्या शाखेत येतात. मॅक्रोपोमा हा आजच्या माशाचा अगदी निकटचा नातलग, पण तोही जसाच्या तसा नव्हे. तो आकाराने पुष्कळ लहान होता आणि त्याच्या फुप्फुसाला कठीण पट्ट्यांचे आवरण होते. लॅटिमेरियात फुप्फुस केवळ अवशेष म्हणून उरले आहे. ६ कोटी ६० लाख वर्षांपासून आजपर्यंतच्या मधल्या थरांत जीवाश्म का नाहीत, याचे उत्तर बहुधा राहणीत आहे : आजचे मासे शेकडो मीटर खोल, ज्वालामुखी बेटांच्या तीव्र उतारांवरील गुहांत राहतात, आणि तेथला गाळ क्वचितच जमिनीवर येऊन आपल्या हाताला लागतो.

सप्टेंबर १९९७ मध्ये इंडोनेशियातील मनाडो येथील बाजारात सागरी जीवशास्त्रज्ञ मार्क एर्डमन आणि त्यांच्या पत्नीला हातगाडीवर तसाच एक मासा दिसला. पण त्याचा रंग निळा नव्हे, तपकिरी होता. १९९९ मध्ये त्याला लॅटिमेरिया मेनाडोएन्सिस अशी स्वतंत्र जात ठरवण्यात आली. रंग सोडला तर दोन्ही मासे शेजारीशेजारी ठेवले असता सहज वेगळे करता येत नाहीत. मायटोकॉन्ड्रियाच्या (पेशीतील ऊर्जा तयार करणाऱ्या घटकांच्या) डीएनएवरून काढलेल्या एका अंदाजानुसार मात्र त्यांची वाट ३ ते ४ कोटी वर्षांपूर्वीच फुटली होती.