पिल्लीची किल्ली

श्रोतेहो, नमस्कार. पहिलीच्या वर्गात प्राण्यांच्या गमतीच्या कविता कशा म्हणायच्या, त्याविषयी आज बोलायचंय. मी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगणार आहे : यमकाच्या आधी थांबा. शेवटचा शब्द मुलांना म्हणू द्या.

आमची शाळा सोलापूरच्या पूर्व भागातली. घरोघरी यंत्रमागाची खडखड आणि तेलुगू बोली. वर्गात एक मुलगी होती. जूनपासून दिवाळीपर्यंत तोंडातून शब्द नाही. हजेरीला नुसतं बोट वर. मी तिला बोलतं करायचा प्रयत्न सोडून दिला होता, आणि तो मी सोडायला नको होता. दिवाळीनंतर एके दिवशी मी फळ्यापाशी मांजरीसारखी चालत म्हणाले,

मनीमाऊ गेली दिल्ली,
बोक्याची उडवली खिल्ली,
परत येऊन दारात रडते,
हरवली माझी...

आणि थांबले. मुलं ओरडली, "किल्ली!" तेवढ्यात मागच्या रांगेतून बारीक आवाज आला, "पिल्ली!"

सगळा वर्ग मागे वळला. एक मुलगा म्हणाला, "पिल्ली नाही गं, पिल्लू!" तशी ती उठून उभीच राहिली. "पिल्लू नाही. पिल्ली अंटे मांजर!" पाच महिन्यांतलं तिचं पहिलं वाक्य, अर्धं तेलुगू, अर्धं मराठी. मग काय, "पिल्लीची किल्ली, पिल्लीची किल्ली" म्हणत चाळीस मुलं बाकं बडवायला लागली. शेजारच्या वर्गातल्या बाई बघायला आल्या. मी कुणालाही गप्प केलं नाही.

मधल्या सुट्टीत तिच्याभोवती घोळका. कुत्र्याला काय म्हणतात? कुक्का. कावळ्याला? काकी. त्यावर तर मुलं हसून लोळली. डबे तसेच राहिले.  

तर, यमकाच्या आधी थांबा. यमक ओळखताना मुलाचा कान शब्दातले आवाज सुटे करतो, आणि पुढे वाचायला तेच कामी येतं. कविता झाली की "यातून काय शिकलात?" असं विचारू नका. हसली, पुरे. प्राणी शोधायलाही लांब जायला नको. आपल्या सोलापूरजवळच्या नान्नजचा माळढोक पक्षी घ्या. नराचं वजन 15 किलोपर्यंत भरतं, तरी तो उडतो! सहा वर्षांच्या मुलाला याहून गमतीचं काय हवं?

दुसऱ्या दिवशी अक्कलकोटकडचा एक कन्नड बोलणारा मुलगा हट्टाला पेटला. "बाई, आमच्यात मांजराला बेक्कू म्हणतात. बेक्कूची पण करा." मला काही यमक जुळेना. मी फळ्यावर 'बेक्कू' लिहिलं आणि थांबले. दोन दिवस वर्ग शोधत होता. शेवटी त्या पिल्लीवालीनंच ओळ पुरी केली :

दूध पिऊन झोपलं बेक्कू,
ढेकर देतंय, ढेक्कू ढेक्कू!